विश्लेषण : नक्षलवाद्यांनी आदिवासींनाच ‘खबरी’ ठरवून का मारले? गडचिरोलीतील गावांवरचे सावट आता दूर होणार का?

भामरागड तालुक्यातील कियर गावात फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला पंचायत समितीचे माजी सभापती सुखराम मडावी यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. मृतदेहाजवळ टाकलेल्या पत्रकात ते पोलिसांचे खबरी असल्याचा आणि पेनगुंडा येथे नवे पोलीस मदत केंद्र उभारण्यास त्यांनी मदत केल्याचा आरोप होता. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. या दोन घटनांच्या मधोमध गडचिरोलीतील गावे उभी आहेत. पोलिसांच्या नोंदींनुसार चार दशकांत जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हातून ५०० हून अधिक सामान्य नागरिक मारले गेले. त्यातील बहुतेक त्याच आदिवासी समाजातील होते, ज्याच्या नावाने ही चळवळ चालली. असे का घडले आणि आता काय बदलेल, याचा हा आढावा.

हत्येची पद्धत काय असते?

कसनासूरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यातील बोरिया-कसनासूर जंगलात सी-६० पथकाने नक्षलवाद्यांवर मोठी कारवाई केली. दुसऱ्या दिवशीची राजाराम खांदला परिसरातील चकमक धरून ४० जण ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. इतके अचूक ठिकाण पोलिसांना कोणी सांगितले, याचा शोध नक्षलवाद्यांनी सुरू केला आणि संशय जवळच्याच गावावर गेला. नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, कसनासूरच्या गावकऱ्यांना उचलून नेण्यात आले. २२ जानेवारीला त्यांपैकी तिघांचे मृतदेह कोसफुंडी फाट्याजवळ रस्त्यावर आढळले. शेजारी चकमकीचा बदला घेतल्याचे सांगणारा फलक होता. घाबरलेल्या अनेक कुटुंबांनी घरदार सोडून ताडगावच्या पोलीस ठाण्याचा आसरा घेतला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनगुंडा, टिटोळा आणि कापेवंचा या गावांत पंधरवड्याच्या आत तिघांचे बळी गेले. त्यांतील एक पोलीस पाटील होता. क्रम बहुतेक वेळा तोच. रात्री गणवेशातील किंवा साध्या वेशातील सशस्त्र माणसे घरी येतात. ‘चौकशी करायची आहे’ असे सांगून माणसाला जंगलात नेतात. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मृतदेह आणि पत्रक सापडते. मृतदेह जाणीवपूर्वक रहदारीच्या जागी टाकला जातो, कारण तो बाकीच्यांसाठीचा निरोप असतो. अनेकदा त्याआधी ‘जनअदालत’ भरवली जाते. तिथे आरोप करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच असतो.

नक्षलवादी या भागात आले कसे?

१९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर गटाची स्थापना केली आणि त्याच वर्षी काही दलम गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा, अहेरी भागात आले. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन झाले. आंध्रात पोलिसांचा दबाव वाढला तर मागे सरकायला सुरक्षित जंगल हवे, हा दलम पाठवण्यामागचा एक हेतू होता.

पण त्यांना पाय रोवता आले ते इथल्या अन्यायामुळे. या जंगलातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा आणि तोडणाऱ्याच्या हाती किरकोळ मजुरी पडायची. तेंदूपत्त्याचा दर कंत्राटदार ठरवायचा. जळणाचे लाकूड आणले तरी वनरक्षकाला कोंबडी, तांदूळ किंवा पैसे द्यावे लागत. जमीन कसायची, पण कागद नाही. दलमांनी कंत्राटदारांना धमकावून मजुरीचे दर वाढवून घेतले, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांची दहशत मोडली. ‘दादालोक’ हा शब्द तेव्हापासूनचा. त्यात आदर होता आणि थोडी भीतीही.

पुढे हे समीकरण बदलले. ज्या कंत्राटदारांविरुद्ध लढा होता, त्यांच्याकडूनच खंडणी घेऊन त्यांना काम करू दिले जाऊ लागले. एप्रिल-मे महिन्यांतला तेंदू हंगाम हा मजुरांच्या रोख कमाईचा तसा दलमांच्या वसुलीचाही काळ बनला. गावागावांत ‘संगम’ उभे राहिले, त्यांच्याखाली जन मिलिशिया आली. मिलिशियातील तरुण दिवसा शेतात असत आणि गरज पडेल तेव्हा भरमार बंदूक घेऊन निघत. कोण पोलीस ठाण्यात गेला, कोणाच्या घरी पाहुणा आला, याची खबर वर पोहोचवणे हे त्यांचे काम. म्हणजे गावावरची नजर गावातूनच ठेवली जात होती.

लक्ष्य कोणाला केले गेले?

बळींची यादी पाहिली तर काही गट वारंवार दिसतात. पहिला पोलीस पाटलांचा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील गुन्ह्यांची आणि संशयास्पद हालचालींची माहिती देणे हे पोलीस पाटलाचे कायदेशीर कर्तव्यच आहे. इतर जिल्ह्यांत ही मानाची जबाबदारी असते. भामरागड, एटापल्लीत मात्र कायद्याने नेमून दिलेले काम केले तरी जीव जातो आणि न केले तर नोटीस येते. दुसरा गट सरपंच, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या सदस्यांचा. निवडणूक बहिष्काराच्या हाकेविरुद्ध उभे राहणे हाच त्यांचा ‘गुन्हा’. १९९१ मध्ये तर आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचेच अपहरण झाले होते.

तिसरा गट शरण येऊन गावी परतलेल्या माजी नक्षलवाद्यांचा. चौथा, रस्ते आणि खाणींशी संबंध आलेल्यांचा. जून २०१३ मध्ये सूरजागड परिसरात लोहखाण कंपनीच्या अधिकाऱ्यांसोबत एका स्थानिक पोलीस पाटलालाही मारण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये तिथेच खनिज वाहतुकीची ७० हून अधिक वाहने जाळली गेली. पाचवा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत असहाय. ज्याचा भाऊ पोलीस भरतीत लागला, ज्याने मोबाइल घेतला, ज्याचे बाजाराच्या दिवशी ठाण्यासमोर कोणाशी बोलणे झाले, असा साधा गावकरी.

खबर देणारे खरोखर होते का?

काही होते. खबऱ्यांशिवाय कोणतेही पोलीस दल जंगलातली लढाई लढू शकत नाही. सी-६० हे पथक १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थापन केले, तेच मुळी स्थानिक तरुणांमधून. गोंडी, माडिया बोलणारा आणि पायवाटा ओळखणारा जवान हीच त्याची ताकद. त्यामुळे पोलीस आणि गावकरी यांच्यात नात्यागोत्याचे धागे असणे स्वाभाविक आहे आणि नक्षलवाद्यांच्या नजरेत असा प्रत्येक धागा संशयास्पद ठरतो.

पण ‘खबरी’ हा शिक्का मारताना पुरावा लागत नाही. जमिनीचा जुना वाद, सोयरिकीतला बेबनाव, मोहाच्या झाडावरून झालेले भांडण यांतून कोणी कोणाचे नाव दलमच्या कानावर घातले, तर ते तपासणार कोण? जगभरच्या यादवी युद्धांचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी हाच मुद्दा मांडला आहे. वरून विचारसरणीचा संघर्ष दिसतो, खाली मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या चुगल्या असतात आणि बंदूकधारी त्या चुगल्यांवर अवलंबून असतो. मारल्या गेलेल्या माणसाच्या कुटुंबावर पुढे ‘खबऱ्याचे घर’ हा ठपका राहतो, तो वेगळाच.

चळवळ दुबळी होत असताना हत्या का होत राहिल्या?

जिथे एकाच बाजूचा पूर्ण ताबा असतो, तिथे माणसे मारण्याची गरज फारशी पडत नाही, भीतीच पुरते. जिथे ताबा हातातून निसटू लागतो, तिथे ती भीती पुन्हा पुन्हा दाखवावी लागते. २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन हल्ल्यांत मिळून ४८ पोलीस मारले गेले, तेव्हा नक्षलवादी थेट पोलिसांना भिडत होते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक असे १६ जण गेले. तो पोलिसांवरचा अखेरचा मोठा हल्ला ठरला. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला जंगलात मिलिंद तेलतुंबडेसह दोन डझनांहून अधिक नक्षलवादी ठार झाले. जुलै २०२४ मध्ये वांडोलीजवळ १२ जण मारले गेले. पोलिसांवर हल्ला करण्याची क्षमता आटत गेली, तसा नि:शस्त्र माणूस हे सोपे लक्ष्य उरले.

त्याच काळात वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे अशा छत्तीसगड सीमेलगतच्या गावांत एकापाठोपाठ पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. ही गावे अबूझमाडच्या उंबरठ्यावरची. केंद्र उभे राहिले की दलमांची ये-जा, रसद आणि वसुली तिन्ही अडतात. पोलीस केंद्रावर हल्ला करणे शक्य नसल्याने, ते ‘आणले’ असा आरोप ठेवून माणसाला मारायचे, असा हा हिशेब. पेनगुंडा केंद्र डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि मडावी यांची हत्या त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाली. शहीद सप्ताह (२८ जुलै ते ३ ऑगस्ट), पीएलजीए सप्ताह (२ ते ८ डिसेंबर) आणि उन्हाळ्यातील आक्रमक मोहिमेचा काळ या दिवसांत गावे अधिक धास्तावलेली असत, तेही याच कारणाने.

गावे कोणाच्याच बाजूने ठामपणे का उभी राहू शकली नाहीत?

रात्री दहा बंदूकधारी येऊन भात मागतात, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नसते. सकाळी पोलीस येऊन ‘रात्री कोणाला जेवू घातले?’ असे विचारतात, तेव्हा उत्तर देण्याचीही सोय नसते. खरे सांगितले तर नक्षलवाद्यांचा रोष, लपवले तर पोलिसांचा संशय. पामुलगौतम, इंद्रावती आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेला भामरागड परिसर पावसाळ्यात अनेकदा जगापासून तुटतो. मदतीला कोणी पोहोचेपर्यंत दिवस उलटतो. अशा ठिकाणी ज्याची बंदूक आज रात्री दारात आहे, त्याचे ऐकावे लागते.

पोलीस कारवायांबाबतही प्रश्न उपस्थित झाले आहेत. २०१८ च्या कसनासूर कारवाईनंतर गट्टेपल्ली गावातील कुटुंबांनी, आपली मुले लग्नाला गेली होती, ती नक्षलवादी नव्हती, असे सांगितले. ती दलममध्ये नव्याने दाखल झालेली होती, असा पोलिसांचा दावा होता. म्हणजे एकाच घटनेने एका गावाची मुले ‘नक्षलवादी’ म्हणून गेली आणि दुसऱ्या गावाची माणसे ‘खबरी’ म्हणून.

गावबंदी योजना काय आहे? ती सलवा जुडूमपेक्षा वेगळी कशी?

२००३ मध्ये राज्य सरकारने नक्षल गावबंदी योजना आणली. ग्रामसभेने ठराव करायचा, की नक्षलवाद्यांना गावात प्रवेश, जेवण, पैसा किंवा आसरा देणार नाही. त्या बदल्यात गावाला विकासकामांसाठी निधी मिळतो. ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढून सहा लाख रुपयांपर्यंत गेली. अलीकडच्या वर्षांत भामरागड, एटापल्लीतील दुर्गम गावांनीही असे ठराव केले आणि भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्या. दोष हा की ठराव केलेल्या गावाचे नाव जाहीर होते, पण संरक्षण पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात अनेक ठराव कागदावरच राहिले.

शेजारच्या छत्तीसगडने २००५ मध्ये वेगळा मार्ग धरला. सलवा जुडूममध्ये गावकऱ्यांच्याच हाती शस्त्रे दिली गेली. गावे रिकामी करून माणसे छावण्यांत आणली. नक्षलवाद्यांनी सूड म्हणून छावण्यांवर हल्ले केले. जुलै २००६ मध्ये एर्राबोर येथे ३० हून अधिक आदिवासी मारले गेले. जुडूमच्या टोळ्यांवरही घरे जाळल्याचे आणि अत्याचारांचे आरोप झाले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी आदिवासींना विशेष पोलीस अधिकारी बनवून शस्त्रे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने गावांना शस्त्रे न देता ठराव दिला. गडचिरोलीत बस्तरसारखे गावागावांचे युद्ध पेटले नाही, यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

जगात असे कुठे घडले?

सर्वांत जवळचे उदाहरण पेरू देशाचे. तिथल्या ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेनेही डोंगरातल्या गरीब आदिवासींच्या नावाने सशस्त्र लढा पुकारला. लुकानामार्का गावातील शेतकऱ्यांनी तिच्या एका स्थानिक म्होरक्याला ठार केले, तेव्हा ३ एप्रिल १९८३ रोजी संघटनेने त्या परिसरातील ६९ जणांना मारले. त्यांत लहान मुलेही होती. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालात एकूण बळींची संख्या सुमारे ६९ हजार असल्याचा अंदाज मांडला. त्यातील निम्म्याहून अधिक मृत्यूंची जबाबदारी शायनिंग पाथवर आणि मोठा वाटा सरकारी दलांवर ठेवला. बळींपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक केचुआ किंवा अन्य आदिवासी भाषा बोलणारे होते. पेरूने संघर्ष ओसरल्यावर गावोगावच्या साक्षी नोंदवल्या, बळींची नावे लिहून ठेवली. गडचिरोलीत तसे काही अद्याप झालेले नाही.

कायदा काय सांगतो?

भाकप (माओवादी) ही संघटना २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि एमसीसी यांच्या विलीनीकरणातून बनली. जून २००९ मध्ये केंद्राने तिला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले. भारत सरकार या संघर्षाला युद्ध मानत नाही, त्यामुळे अशा हत्यांचा तपास खुनाच्या आणि यूएपीएच्या कलमांखाली होतो. माओवादी स्वत:ला ‘जनयुद्ध’ लढणारे म्हणवतात. ते मानले, तरी जिनिव्हा करारांचे सामाईक कलम ३ लढाईत सहभागी नसलेल्यांची हत्या आणि रीतसर न्यायालयाविना दिलेली शिक्षा या दोन्ही गोष्टींना मनाई करते. जनअदालतीचा निवाडा कोणत्याच चौकटीत बसत नाही. प्रत्यक्षात शिक्षा होण्याचे प्रमाण हा कळीचा प्रश्न आहे. साक्षीदार त्याच गावात राहतो आणि आरोपीचे साथीदार जंगलात असतात, तेव्हा न्यायालयात उभा राहणार कोण?

आता काय बदलले आहे?

१ जानेवारी २०२५ रोजी भूपतीची पत्नी तारक्का हिच्यासह ११ नक्षलवादी शरण आले. त्याच दिवशी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. मे २०२५ मध्ये सरचिटणीस बसवराजू अबूझमाडमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये माडवी हिडमा आंध्र प्रदेशात ठार झाला. मधल्या ऑक्टोबरमध्ये भूपतीचे आत्मसमर्पण झाले. केंद्राने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत ठरवली. गडचिरोलीत नवी भरती जवळपास थांबली आहे. रात्री दार वाजण्याची भीती अनेक गावांत खरोखर कमी झाली आहे, हे मान्य करावे लागेल.

मग प्रश्न कोणते उरतात?

पहिला प्रश्न बळींच्या कुटुंबांचा. आत्मसमर्पण करणाऱ्यांसाठी राज्याचे २००५ पासून धोरण आहे. त्यात बक्षिसाची रक्कम, घरकुल, रोजगार मिळतो आणि कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात अशा काहींना कामही मिळाले आहे. शस्त्र सोडणाऱ्याला परतीची वाट हवीच, नाहीतर कोणी परतणार नाही. पण ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला केंद्राच्या योजनेतून मिळणारी मदत पाच लाख रुपये आहे आणि तीही कागदपत्रांच्या वाटेने. मारणारा आणि ज्याचा माणूस मारला गेला तो, हे दोघे उद्या एकाच आठवडी बाजारात समोरासमोर येणार आहेत. त्यांच्यासाठी कोणताही मंच नाही.

दुसरा प्रश्न पोलीस केंद्रांचा. आज दुर्गम गावात जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार, औषध अशा बहुतेक सेवा पोलीस मदत केंद्राच्या दारातून जातात. सुरुवातीला हे गरजेचे होते. मात्र शिक्षक, परिचारिका, तलाठी आणि ग्रामसेवक स्वत: गावात पोहोचले नाहीत, तर गावकऱ्याच्या लेखी सरकार म्हणजे बंदूकधारी माणूसच राहील.

तिसरा प्रश्न जंगल आणि खाणीचा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वत: केले. ज्या बांबू-तेंदूच्या प्रश्नावर दलमांनी १९८० मध्ये गावात पाय ठेवला, तो प्रश्न या गावांनी कायद्याने, बंदुकीविना सोडवून दाखवला. सूरजागडच्या डोंगरावर मात्र ग्रामसभांच्या संमतीचा वाद कायम आहे. खाणीला विरोध करणाऱ्यावर लगेच ‘नक्षलसमर्थक’ असा शिक्का बसतो, अशी तिथल्या कार्यकर्त्यांची तक्रार आहे. ‘खबरी’ या शिक्क्याने गडचिरोलीचे काय केले हे दिसलेच आहे. दुसऱ्या बाजूचा असा शिक्काही तितक्याच सहजपणे मारला जाणार असेल, तर ग्रामसभेत उभे राहून बोलायला माणूस पुन्हा कचरेल. भामरागड, एटापल्लीतील गावकरी पोलीस आणि खाण कंपनी, दोघांसमोरही न घाबरता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतात का, यावरूनच येत्या काही वर्षांत इथली शांतता जोखावी लागेल.